बडोद्याचे वड आणि विश्वामित्रीतील मगरी

बडोद्याचे नाव वटवृक्षावरून पडले, असे परंपरेने मानले जाते. ‘वटोदर’ म्हणजे वडाच्या पोटात वसलेले गाव. नावाचा मान वडाला मिळाला असला, तरी या नगरीच्या वन्य जीवनाचा आधार विश्वामित्री नदीचा काठ आहे. पावागडच्या डोंगरातून निघालेली ही नदी शहराच्या मध्यातून वाहते. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात, १८७९ साली, तिच्याच तीरावर सयाजीबाग उभी राहिली. बडोदेकर तिला कमाटीबाग म्हणतात. बागेत मुले खेळतात, वडीलधारी माणसे झाडांखाली विसावतात, आणि तीच नदी मगरींचेही घर आहे. लाखो माणसांच्या वस्तीत मगरी राहाव्यात, हे नवल खरे. परंतु त्यामागे निसर्गाचा सरळ हिशेब आहे.

प्रथम वडाचा विचार करू. वडाला फूल येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याची असंख्य सूक्ष्म फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. एक अतिशय बारीक कीटक त्यात शिरतो, तेव्हाच परागसिंचन होते. पुढे ती लाल फळे मैना, कोकीळ, तांबट, धनेश आणि वटवाघळे खातात व बिया दूरवर टाकतात. एखादी बी झाडाच्या बेचक्यात वा जुन्या भिंतीच्या फटीत रुजते आणि तेथून मुळे खाली सोडते. अशा रीतीने एक वड अनेक जीवांना अन्न देतो आणि ते जीव नवे वड लावतात. नदीकाठी उभी असलेली वडासारखी झाडे आपल्या मुळांनी मातीही धरून ठेवतात.

याच काठाच्या मातीवर मगरीचा संसार चालतो. मगरीचे रक्त आपल्याप्रमाणे सदा उष्ण राहत नाही. म्हणून थंडीत ती काठावर येऊन ऊन घेते, आणि कडक उन्हाळ्यात काठात खोदलेल्या बिळाचा आसरा घेते. हिवाळा सरताना मादी पाण्यापासून काही अंतरावर खड्डा खणून त्यात वीस-तीस अंडी घालते व मातीने झाकते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. सुमारे दोन महिन्यांनी आतून पिलांचा आवाज येऊ लागला, की आईच माती उकरते आणि पिलांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याची माणसाला धास्ती, तोच पिलांचा पाळणा होतो!

२०२५ सालच्या फेब्रुवारीतील गणनेत शहराजवळील नदीपट्ट्यात चारशेहून अधिक मगरींची नोंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला संरक्षण दिले आहे. मात्र कायदा मगरीला वाचवील, तिचे घर वाचवीलच असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि मगरी वस्त्यांत आल्या. वनखात्याच्या माणसांनी व स्वयंसेवकांनी त्या पकडून सुरक्षित ठिकाणी हलविल्या. त्यानंतर २०२५ साली नदी खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले.

पुराने ज्यांचे घर बुडाले, त्यांची भीती खोटी नाही. मगरींकडून माणसांना इजाही झालेली आहे. परंतु नदीलगतच्या ओघळी व सखल जागा भरून वस्ती वाढली, की पाण्याला पसरायला जागा उरत नाही. आणि काठ दगडाने वा सिमेंटने बांधून काढला, तर मगरीला अंडी घालायला जागा उरत नाही. सखल जमीन मोकळी ठेवणे आणि काठ मातीचा राखणे, यात माणूस व मगर या दोघांचेही हित आहे. मगरींच्या विणीच्या दिवसांत काठाला हात न लावणे, पाणवठ्यावर सावध राहणे आणि मगर दिसताच वनखात्याला कळविणे, एवढा विवेक नागरिकांनी बाळगला तर पुष्कळ अनर्थ टळतील.

वड मातीला धरून ठेवतो आणि मगर मातीला पोखरून राहते. दोघांच्या रीती निराळ्या, पण गरज एकच: मोकळा, जिवंत काठ. तो राहिला, तरच वडाच्या नावाची ही नगरी आपल्या नावाला जागली असे म्हणता येईल.