हिणकस नाण्यात चांदी किती?

नाण्याचा रंग पाहून धातू ओळखावा, असे आपल्याला वाटते. हिणकस नाण्यांच्या बाबतीत हा अंदाज हमखास चुकतो. चांदीत निम्म्याहून अधिक तांबे मिसळले की त्या मिश्रधातूला नाणकशास्त्रात ‘बिलन’ म्हणतात. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाला ‘पोटिन’ म्हणतात. जुनी झाल्यावर दोन्ही नाणी सारखीच करडी दिसू शकतात.

जुन्या चांदा जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तहसिलीत सातवाहनांची 183 पोटिन नाणी एकत्र सापडली होती. 1893 मध्ये हॉर्नले यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा नाण्यांवर एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व ब्राह्मी लिपीतील राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह असते. 1939 मध्ये तऱ्हाळा (आता वाशीम जिल्हा) येथे याच प्रकारच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासातून त्यात पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांचीही नावे मिळाली.

या नाण्यांचा धातू कसा ठरवायचा? घनता मोजणे हा शाळेतही करता येणारा प्रयोग. नाणे हवेत व पाण्यात तोलावे. वजनातील घट म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन. पण येथे एक मेख आहे. निम्मी चांदी व निम्मे तांबे असलेल्या मिश्रणाची घनता सुमारे 9.67 येते. 65 टक्के तांबे व 35 टक्के शिसे घेतले तरी तीच येते! शिवाय तीन ग्रॅमच्या नाण्याची पाण्यातील घट जेमतेम 0.31 ग्रॅम असते. तराजू 0.01 ग्रॅमने चुकला, तर उत्तरात तीन टक्के फरक पडतो. म्हणून सरावासाठी आजची एकाच प्रकारची दहा नाणी एकत्र तोलावीत.

दुसरी पद्धत क्ष-किरण प्रतिदीप्तीची. तीत नाण्याला धक्का लागत नाही, मात्र माहिती मिळते ती पृष्ठभागाच्या पातळ थराचीच. बिलनचे तांबे आम्लाने पृष्ठावरून काढून टाकले की नाणे चांदीसारखे चमकते. स्वीडनच्या अमलाखाली (1621–1710) असलेल्या बाल्टिक किनाऱ्यावरील रीगा शहराची चिमुकली नाणी बिलनचीच होती. 1660 च्या दशकात मोल्डाव्हियातील सुचावा येथे त्यांच्या तांब्याच्या नकला पाडल्या गेल्या. पोटिनची अडचण वेगळी. शिसे घन तांब्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण विखुरलेले राहतात. त्यामुळे एकाच नाण्यावर दोन ठिकाणी निराळी उत्तरे मिळू शकतात. म्हणून घनता, अनेक बिंदूंवरील मापन आणि शक्य तेथे फुटक्या तुकड्याचा छेद, ही सर्व उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत शेत नांगरताना किंवा मालगुजारी तलावाचा गाळ काढताना असे करडे तुकडे हाती लागू शकतात. ते चिंचेने वा राखेने घासले, तर पृष्ठावरील पुरावा जातो, अक्षरेही झिजतात. नाणी वाटून घेतली, तर कोणती नाणी एकत्र पुरली होती हे कळत नाही, आणि अनेकदा त्यांचा काळ त्यावरूनच ठरतो. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. विद्यार्थ्यांना एवढे सांगावे : नाणे धुऊ नका, जागा लिहून ठेवा, साठा फोडू नका.