घरच्यापुरती दारू गाळली तर?

“विकायची नाही, घरच्यापुरतीच गाळतो,” हा बचाव महाराष्ट्रात टिकत नाही. दारू हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे आणि आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. तो झाला सरसकट बंदीसाठी. पुढे परवान्यांची सोय झाली, पण सांगाडा तोच राहिला. म्हणून आजही बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. पिण्याचा परवाना खिशात असला तरी गाळण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

गुन्हा नेमका कुठे सुरू होतो, ते हातभट्टीकडे पाहिले की कळते. बॅरलमध्ये गुळाचे पाणी आंबत ठेवलेले असते. पोलिसांच्या पंचनाम्यात त्याला ‘कच्चे रसायन’ म्हणतात. ते उकळून वाफ गार केली की दारू थेंबाथेंबाने जमते. म्हणजे चूल पेटेपर्यंत गाळलेली दारू तिथे नसतेच. तरीही कलम ६५ लागते, कारण गाळण्याची भांडी, साधने आणि साहित्य बाळगणे हाही त्यात गुन्हाच आहे. त्यात कलम १०३ ची भर: या वस्तू जवळ का आहेत, याचा समाधानकारक खुलासा झाला नाही तर गुन्हा घडला असे गृहीत धरतात. ते खोडून काढायचे काम आरोपीचे. वारंवार भट्टी लावणाऱ्याला १९८१ च्या ‘एमपीडीए’खाली स्थानबद्धही करता येते, त्या कायद्याच्या नावातच ‘हातभट्टीवाले’ आहेत.

हातभट्टीचे विष गुळातूनच येते, हा गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत दारू पिऊन शंभरावर माणसे गेली ती मिथेनॉलमुळे, आणि ते विष कारखान्यात वापरायच्या रसायनातून आले होते, गुळातून नव्हे. वासावरून ते ओळखता येत नाही. दारू पिऊन नजर धूसर झाली तर झोपून उतरायची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

शेजारच्या गोव्यात काजूच्या बोंडांची हुर्राक आणि फेणी गावोगावच्या भट्ट्यांवर गाळतात. तिथेही भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतोच, पण लहान भट्टीवाल्याला तो मिळू शकतो. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंध शिथिल झाले, पण ती फुले घरी गाळणे गुन्हाच राहिले. ज्या आदिवासी घरांत लग्नकार्य आणि देवपूजा मोहाच्या दारूशिवाय होत नाही, त्यांना गोव्यासारखा तपासणीसह छोटा परवाना सरकारने द्यायलाच हवा.