बंगल्यासमोर गाव नको म्हणून अख्खं गावच हलवलं! इंग्लंडच्या मिल्टन अ‍ॅबसची गोष्ट

उताराचा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली एकसारखी पांढरी घरं आणि प्रत्येक घरापुढे हिरवळ. इंग्लंडच्या डॉर्सेटमधलं मिल्टन अ‍ॅबस फोटोत अगदी चित्रासारखं दिसतं. पण हे गाव इथं आपोआप वसलं नाही. एका जमीनदाराला त्याच्या वाड्यासमोर गाव नको होतं, म्हणून ते इथं आणलं गेलं.

झालं असं की, १७५२ मध्ये जोसेफ डेमरने मिल्टन अ‍ॅबीची इस्टेट घेतली. पुढे तो लॉर्ड मिल्टन झाला. वाड्याला लागूनच शंभराहून जास्त घरांचं जुनं गाव होतं. तिथं बाजार भरायचा, शाळा होती, खानावळी होत्या. त्या काळात श्रीमंतांमध्ये फॅशन होती ती खिडकीतून फक्त हिरवळ, झाडं आणि पाणी दिसण्याची. त्यासाठी लॉर्डने 'केपेबिलिटी' ब्राउन हा नावाजलेला उद्यानरचनाकार नेमला.

मग गाव हटवलं कसं?

बहुतेक घरं भाडेपट्ट्याची होती. पट्टा संपला किंवा विकत घेता आला, की घर पाडायचं. हे काम कित्येक वर्षं चाललं. हॅरिसन नावाचा वकील मात्र हलेना. लॉर्डने तलावाची दारं उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं आणि वकिलाने खटला जिंकला, असं सांगतात. तरीही गाव गेलंच. १७८० च्या सुमारास दरीच्या आडोशाला, वाड्यातून दिसणार नाही असं नवं गाव उभं राहिलं. १६७४ चं गरिबांचं आश्रयगृहही उचलून तिथं नेलं. शाळा १७८५ मध्ये थेट ब्लँडफोर्डला गेली.

आणि रस्त्यांचं काय?

रस्ता जनतेचा, त्यामुळे तो फक्त मालकाच्या मर्जीने बंद होत नसे. पण १७७३ च्या कायद्याने दोन स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या सहीने रस्ता वळवण्याची सोय झाली. हे दंडाधिकारी बहुतेकदा जमीनदारांच्याच वर्तुळातले असत. त्यामुळे इंग्लंडभर अनेक वाड्यांसमोरच्या वाटा दूर गेल्या.

या जुन्या कागदांना आजही किंमत आहे. इंग्लंडच्या कायद्यात एकदा सार्वजनिक झालेला रस्ता वापर थांबला म्हणून रद्द होत नाही, त्यासाठी कायदेशीर आदेश लागतो. १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करणं बंधनकारक केलं. एखादी वाट नकाशात नसेल, तर लोक जुने नकाशे आणि आदेश शोधून तिच्यावर हक्क सांगतात. आदेश सापडला तर वाट कायमची गेली. नाही सापडला, तर कुणाच्या तरी हिरवळीतून चालायचा हक्क अजूनही जिवंत असू शकतो.

लॉर्डच्या वाड्यात १९५४ पासून शाळा भरू लागली. समोर अजूनही मोकळी हिरवळच दिसते. फरक इतकाच, की ती मोकळी नव्हती, मोकळी केली गेली.