हुद्द्याचे अंतर

25 जानेवारी 1990 च्या रात्री कोलंबियातील बोगोटाहून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला आलेले आव्हियांका कंपनीचे बोइंग 707 विमान, हवामान बिघडल्यामुळे निरनिराळ्या टप्प्यांवर मिळून सुमारे सव्वा तास आकाशात घिरट्या घालीत राहिले. पुढे उतरण्याचा एक प्रयत्न फसल्यावर इंधन संपून ते लाँग आयलंडवर कोसळले आणि 158 पैकी 73 माणसे प्राणास मुकली.

त्या वैमानिककक्षातील अखेरच्या संभाषणाचा तपशील वाचताना मन अस्वस्थ होते. मुख्य वैमानिकाने सहवैमानिकास, आणीबाणी असल्याचे नियंत्रकाला कळव, असे फर्मावले. सहवैमानिकाने मात्र नियंत्रकाने दिलेली दिशा आज्ञाधारकपणे मान्य करून, इंधन संपत आले आहे, एवढेच शेवटी जोडले. थोड्या वेळाने नियंत्रकाने, आपण आखलेला लांबचा वळसा त्यांना व त्यांच्या इंधनाला परवडेल ना, असे विचारले, तेव्हाही त्याला होकारार्थी उत्तर मिळाले आणि वर आभारही. बोलणाऱ्याने अधिकाऱ्यापुढे मर्यादा सांभाळली, आणि अशा शांत स्वरात संकट असू शकते अशी शंका ऐकणाऱ्याला आली नसावी.

चौकशी मंडळाने इंधनाच्या व्यवस्थापनातील कसूर आणि आणीबाणी स्पष्टपणे न कळविणे यांवर बोट ठेवले. टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेल्मराइक यांनी या घटनेच्या विश्लेषणात संस्कृतीचाही विचार केला. एका अपघातावरून अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव ठरविणे अन्यायाचे होईल, हे खरे. परंतु गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतील नोकरवर्गाच्या उत्तरांवरून सत्तेच्या अंतराचा, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतील विषमता लोक कितपत स्वाभाविक मानतात याचा, जो निर्देशांक काढला, त्यात अमेरिकेचा आकडा 40, कोलंबियाचा 67 आणि भारताचा 77 आहे. तेव्हा हे प्रकरण परक्यांचे म्हणून बाजूस सारण्याची मुभा आपल्याला नाही.

ख्रिस्तोफर अर्ली आणि सून आंग यांनी 2003 साली ग्रंथरूपाने मांडलेल्या सांस्कृतिक बुद्धिमत्तेच्या विचारात पुढे चार अंगे मानली गेली: परक्यांशी जुळवून घेण्याची उत्सुकता, त्यांच्या रीतींचे ज्ञान, आपल्याच गृहीतांवर पहारा आणि प्रसंगानुरूप वर्तन बदलण्याची तयारी. यांपैकी ज्ञानाचाच बाजार अधिक तेजीत असतो. जपानी गृहस्थाचे कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे, जर्मन माणसाला तिष्ठत ठेवू नये, असे नियम एका दुपारच्या प्रशिक्षणात पाठ होतात व ते उपयोगीही आहेत. पण समोरच्याच्या होकाराचा आपण लावलेला अर्थ आपल्याच सवयीतून आला आहे काय, ही शंका ऐन बैठकीत मनात जागी ठेवणे फार कठीण, आणि माझ्या मते खरे सामर्थ्य तेच.

चाकण किंवा हिंजवडीच्या एखाद्या कचेरीतील साप्ताहिक बैठक डोळ्यांसमोर आणावी. जर्मनीतील प्रमुख पडद्यावरून विचारतो, ‘शुक्रवारपर्यंत काम होईल ना?’ शेजारी आपले साहेब बसलेले असताना तरुण अभियंता म्हणतो, ‘हो, प्रयत्न करतो.’ खोलीतल्या प्रत्येक मराठी माणसाला त्या स्वरातली अडचण उमगते. परदेशी प्रमुख मात्र वेळापत्रकात शुक्रवार नोंदवून मोकळा होतो, आणि सोमवारी एक जण फसवणुकीची तक्रार करतो, तर दुसरा अपमानाची.

येथे कनिष्ठाला केवळ धीट हो अशी ताकीद देऊन भागत नाही, कारण नकाराची किंमत तोच मोजत असतो. म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा हुद्द्याने वरचढ असलेल्याचा. विमानव्यवसायाने हे ओळखले. 1979 मधील नासाच्या कार्यशाळेनंतर जी शिक्षणपद्धती रूढ झाली, तिच्यात कनिष्ठाने शंका स्पष्ट मांडावी, हे जसे शिकवितात, तसेच कप्तानाने ती आपण होऊन मागावी, हेही शिकवितात. कचेरीतही प्रमुखाने हो-नाहीचा प्रश्न टाळून, कोणते भाग शिल्लक आहेत, कोणाच्या मंजुरीवाचून काय अडले आहे, असे विचारावे. आणि साहेबांनी आपले मत अभियंत्याचे सांगून होईपर्यंत राखून ठेवावे.