महागडी गाडी, विमा आणि डेंटिंग-पेंटिंगचा हिशेब

व्यापारात चार पैसे हाती आले की माणूस आधी दुकान वाढवतो, मग घर बांधतो आणि शेवटी गाडीकडे पाहतो. आमचेही तसेच झाले. पंचवीस-तीस वर्षे कापडाच्या गाठींबरोबर टेंपोतून आणि स्कूटरवरून फिरल्यावर आम्ही भावंडांनी मिळून पेढीच्या नावावर एक जर्मन बनावटीची गाडी घेतली. एम.एच.-४८ ची पाटी लागली, घरात मिठाई वाटली गेली.

गाडी आठ महिन्यांची असताना नालासोपाऱ्यातील गोदामासमोर ती उभी होती. आमचाच टेंपो गाठी उतरवून मागे आला आणि गाडीचा मागचा दरवाजा व बंपर दाबून थांबला. कोणाला खरचटलेही नाही, अल्लाहचा शुक्र. पण पुढच्या महिनाभरात आम्ही विम्याबद्दल जे शिकलो, ते तीस वर्षांत शिकलो नव्हतो. व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे मांडत आहोत.

टेंपो आपला, गाडीही आपली

पहिला विचार मनात आला तो असा की, टेंपोचा थर्ड पार्टी विमा आहे, त्यातून गाडीचा खर्च निघेल. तो निघत नाही. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. टेंपो आणि गाडी दोन्ही एकाच पेढीच्या नावावर असतील तर तिसरा माणूस उरतोच कुठे? विमेदाराच्या स्वतःच्या मालमत्तेचे नुकसान या विम्यात धरले जात नाही. म्हणून क्लेम करायचा तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावरच.

थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने १५०० सीसीच्या वरच्या नव्या गाडीसाठी त्याचे तीन वर्षांचे २४,५९६ रुपये होतात, वर जी.एस.टी. वेगळा. आपल्या चाकाखाली कोणा गरिबाचा हात-पाय गेला तर त्याच्या भरपाईसाठी हा विमा आहे. आपला पत्रा सरळ करण्यासाठी तो नाही.

विम्याबाबत आपल्यात मतभेद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. थर्ड पार्टी विमा कायद्याचा भाग असल्याने तो टाळता येत नाही. त्यापलीकडच्या विम्याबाबत ज्याने त्याने आपल्या जाणत्या आलिमांना विचारावे. आम्ही फक्त व्यवहार सांगत आहोत.

तीन लाख तीस हजारांचे बिल

कंपनीच्या वर्कशॉपचे बिल करासह असे आले: बंपर ९०,००० रुपये, दरवाजा १,४०,०००, रंगकाम ६०,००० आणि मजुरी ४०,०००. एकूण ३,३०,०००. एवढ्यात आमच्या गल्लीतला माणूस जुनी चालती गाडी घेतो.

विमा कंपनीने यातून घसारा कापला. साध्या पॉलिसीचा नियम असा की, प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर सरसकट निम्मी रक्कम कापली जाते, मग गाडी कालची असो वा पाच वर्षांची. काचेवर काही कापत नाहीत. लोखंडी-पत्र्याच्या भागांवर पहिले सहा महिने काही नाही, सहा महिने ते एक वर्ष ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १० टक्के, असे ते वाढत जाते. रंगकामाचे एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. शिवाय १५०० सीसीच्या वरच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे २,००० रुपये मालकाने भरायचेच.

आता हिशेब करा. बंपरचे ४५,०००, दरवाजाचे ७,०००, रंगाचे ७,५०० आणि वरचे २,०००. एकूण ६१,५०० रुपये आमच्या खिशातून गेले. बाकीचे २,६८,५०० विमा कंपनीने दिले.

यात कंपनीचा दोष नव्हता. दोष आमचा होता. गाडी घेताना एजंटाने 'झिरो डेप' नावाची जोड सुचवली होती. ती घेतली असती तर घसारा कापलाच गेला नसता, २,००० आणि किरकोळ ऑइल-स्क्रूचा खर्च तेवढा पडला असता. पण आम्ही ठाण-तागे घेताना घासाघीस करतो तशी प्रीमियमवर केली आणि ती जोड काट मारून काढायला लावली. कापडाचा तागा आम्ही उलगडून, मोजून घेतो. पॉलिसीचा कागद मात्र न वाचता कपाटात ठेवला.

टेंपोचा चालक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सेठ, पगारातून थोडे थोडे कापून घ्या." आम्ही नकार दिला. मागे घेताना त्याची नजर चुकली हे खरे, पण ६१,५०० रुपयांचा फटका आमच्या काटकसरीमुळे बसला. तो त्या गरिबाच्या मुलांच्या तोंडातून काढणे आम्हाला बरे वाटले नाही. पुढच्या बाजूचा एक जुना ओरखडा याच क्लेममध्ये घुसवा, असाही सल्ला एकाने दिला. तो खोटेपणा झाला असता, म्हणून तो ओरखडा आजही तसाच आहे.

आपले मिस्त्री काय म्हणतात?

वालीवकडचे आमचे जुने डेंटर मिस्त्री गाडी पाहायला आले. हाताने पत्रा चाचपून म्हणाले, "भाईजान, लोखंड असते तर दोन दिवसांत काढून दिले असते. हा दरवाजा अॅल्युमिनियमचा आहे, तो ताणला की फाटतो. आणि बंपरच्या मागे रडार बसवले आहे. वर जाड पुट्टी लागली तर ते आंधळे होईल."

महागड्या गाड्यांचा खर्च वाढतो तो इथेच. कॅमेरा व सेन्सर पुन्हा संगणकावर जुळवावे लागतात, रंग धूळ नसलेल्या बंद खोलीत मारावा लागतो, अॅल्युमिनियमची हत्यारे लोखंडाच्या हत्यारांपासून वेगळी ठेवावी लागतात, आणि पुष्कळ सुटे भाग परदेशातून येतात.

आपल्या समाजातील शेकडो घरे डेंटिंग-पेंटिंगवर चालतात. त्यांनी हे काम हातातून जाऊ देऊ नये. कॅशलेसच्या यादीत नसलेल्या गॅरेजातही विम्याचे काम करता येते. मालकाने आधी कंपनीला कळवावे, सर्व्हेअरने गाडी पाहिल्याशिवाय हात लावू नये आणि मिस्त्रीने पक्के बिल द्यावे, मग पैसे मालकाच्या खात्यात येतात. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काम करण्यापूर्वी तिच्या अटी पाहाव्यात. तीन-चार मिस्त्रींनी मिळून रंगाची खोली उभारली, जी.एस.टी. क्रमांक घेतला आणि मुलांना नवे काम शिकवले, तर कामाला तोटा नाही.

वसई-विरारकरांसाठी खास

जुलै २०१८ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली होते, लोकल बंद होत्या. साधी पॉलिसी पूर, वादळ, आग, चोरी, इतकेच नव्हे तर दंगलीतील नुकसानही धरते. पण बुडालेली गाडी चालू करायला गेले आणि पाणी ओढून इंजिन फुटले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पाण्यातील गाडीची किल्ली फिरवू नका, ओढून न्या.

सही करण्यापूर्वी

एक, पॉलिसीत गाडीची जी किंमत लिहितात तिला आय.डी.व्ही. म्हणतात. प्रीमियम कमी दिसावा म्हणून ती खाली आणू नका. गाडी चोरीस गेली तर तेवढेच पैसे मिळतात. दुसऱ्या वर्षी ती शोरूमच्या किमतीच्या २० टक्के खाली असते आणि रोड टॅक्स तिच्यात नसतो. हा फरक भरून देणारी जोडही मिळते.

दोन, नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा आहे. जुनी गाडी विकताना त्याचे पत्र घ्या, ते तीन वर्षे चालते. किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करू नका. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम ८०,००० असेल आणि ५० टक्के बोनस मिळत असेल, तर २५,००० च्या क्लेमपायी पुढच्या वर्षी ४०,००० जास्त भरावे लागतील.

तीन, गाडी पेढीच्या नावावर घेतली म्हणून जी.एस.टी. परत मिळेल, असे समजू नका. कापडाच्या व्यापाऱ्याला प्रवासी मोटारीवर, तिच्या विम्यावर व दुरुस्तीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. आयकरात घसारा व खर्च धरता येतो, तो आपल्या सी.ए.ला विचारा.

यंदा नूतनीकरणाच्या वेळी आम्ही चष्मा लावून पॉलिसी पानोपान वाचली. झिरो डेप घेतले, इंजिनची जोड घेतली. गोदामासमोर गाडी उभी करणेही बंद केले आहे. ती जागा टेंपोची आहे, आणि पेढीला खायला तोच घालतो.