दुखणे अंगावर काढावे की तपासून घ्यावे?

'अंगावर काढणे' हा आपल्या मराठीतील एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. दुखणे आले तर त्याचा फारसा बोलबाला न करता, कामधंदा न सोडता, ते अंगावरच सहन करून संपविणे असा त्याचा अर्थ. केनवडसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावात हा वाक्प्रचार कोशात शोधावा लागत नाही, तो घरोघरी पाहायला मिळतो. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असले म्हणजे ताप आला तरी वावरात जावेच लागते. एक दिवस घरी बसले तर मजुरी बुडते, दवाखान्यात गेले तर जाण्यायेण्याचे पैसे लागतात, शिवाय सोबत कोणी यायचे हा प्रश्न असतोच. आणि घरातील बाईला विचारावे तर तिचे उत्तर ठरलेले : "काही नाई व माय, दोन दिसात जाईल."

पुष्कळदा ते दोन दिवसांत जातेही, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच ही सवय टिकून आहे. पण काही दुखणी जात नाहीत. ती आत मुरतात आणि मग एक दिवस सगळे घर हादरवितात. याच्या उलट दुसरी सवय अलीकडे रूढ होत आहे. थोडी कणकण वाटली की इंजेक्शन, थोडा थकवा आला की सलाईन आणि कोणी सांगितले म्हणून एकदम दहा-वीस तपासण्या. पहिल्या सवयीत जीव धोक्यात येतो, दुसऱ्या सवयीत पैसा जातो आणि मूळ आजार झाकला जातो. या दोहोंमध्ये मार्ग कोणता, हे सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताप, खोकला, थकवा, डोकेदुखी हे आजार नव्हेत, त्या तक्रारी आहेत. एकाच तक्रारीमागे साधे किंवा गंभीर अशी अनेक कारणे असू शकतात. कोणतीही तक्रार आली की आपण स्वतःला चार प्रश्न विचारावेत. तक्रारीला किती दिवस झाले? ती वाढते आहे की उतरते आहे? तिच्यासोबत काही वेगळे लक्षण आहे काय? आणि रुग्ण कोण आहे? कारण धडधाकट तरुणाला जे दोन दिवस चालेल, ते तान्ह्या मुलाला, गर्भवतीला, वृद्धाला किंवा मधुमेही माणसाला चालत नाही.

ताप

ताप म्हणजे जंतूंशी लढताना शरीराने वाढविलेली उष्णता. सर्दी-पडशाचा ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. त्याला विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल पुरते. परंतु पावसाळ्यात व त्यानंतर थंडी वाजून ताप आला तर तीन दिवस वाट पाहू नये. तो हिवताप असू शकतो. डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू असतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादेस, शोधून काढले. त्याची तपासणी बोटातील रक्ताच्या एका थेंबावर होते.

डेंग्यूच्या बाबतीत दिवस मोजण्याला फार महत्त्व आहे. पहिल्या पाच दिवसांत 'एनएस-१' ही तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर 'आयजीएम' ही. म्हणजे ताप कोणत्या तारखेला आला हे सांगता आले नाही तर कोणती तपासणी करावी हेच कळत नाही. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा ताप उतरू लागल्यावर सुरू होतो. ताप उतरला पण पोट सारखे दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, तर 'बरे वाटेल' म्हणून घरी थांबू नये.

विषमज्वरासाठी आपल्याकडे सर्रास 'विडाल' तपासणी करतात. ती १८९६ सालापासूनची आहे. परंतु ती शरीरातील प्रतिद्रव्ये मोजते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात तिच्यावर विसंबता येत नाही. त्या काळात रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची 'ब्लड कल्चर' तपासणी अधिक खात्रीची ठरते. मात्र त्याआधीच घरच्या घरी अँटिबायोटिक घेतले असेल तर तीही चकते.

खोकला

खोकल्याचा नियम पाठ करण्याइतका सोपा आहे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी. त्यासोबत वजन घटणे, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा थुंकीतून रक्त असेल तर मुळीच थांबू नये. क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले, तेव्हा त्यावर औषध नव्हते. आज आहे. आज तर जंतूची जनुके ओळखणाऱ्या यंत्रांवर काही तासांत निदान होते. यांपैकी 'ट्रूनॅट' हे यंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केले आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात आणि 'निक्षय पोषण' योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी मदत मिळते. ही मदत २०१८ साली दरमहा ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली.

तरीही लोक थुंकी तपासायला कचरतात, कारण भीती आजाराची नसून लोकांच्या बोलण्याची असते. मुलीचे लग्न जमेल का, घरात वेगळे ताट मांडतील का, हे प्रश्न आधी मनात येतात. पण विचार करा : न तपासलेला खोकला घरातल्या लहान मुलांसमोर महिनोन्‌महिने खोकत राहतो. लपविलेला रोग पसरतो, उपचार घेतलेला रोग पसरायचा थांबतो.

थकवा

'अंग मोडून येते', 'चढ चढताना दम लागतो', 'डोळ्यांपुढे अंधारी येते' ही वाक्ये आपण आईच्या, काकूच्या, आजीच्या तोंडून इतकी ऐकतो की ती आपल्याला तक्रार वाटतच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक! स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गर्भवतीचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले की त्यास रक्तक्षय म्हणतात. तपासणी काही मिनिटांची आहे. कारणे मात्र अनेक : आहारातील लोहाची उणीव, पाळीत जास्त रक्त जाणे, अनवाणी चालण्यातून होणारे अंकुशकृमी. लोहाच्या गोळ्या लिंबासोबत घेतल्या तर अंगी लागतात, चहासोबत घेतल्या तर वाया जातात. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरते, हाही वैद्यकशास्त्राचाच प्रश्न आहे.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सांधे दुखतात, रक्त कमी होते. तो लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर ही तपासणी विचारावी. लग्नाआधी केली तर उत्तमच.

न सांगितलेली दुखणी

येथे विदर्भातीलच एक उदाहरण देणे आवश्यक वाटते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या स्त्रिया दुखणे घेऊन जगत होत्या, शेतात राबत होत्या, फक्त बोलत नव्हत्या. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत अति रक्तस्राव, ओटीपोटात सतत दुखणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे या गोष्टी 'बाईच्या जातीला असायच्याच' असे समजून सोडू नयेत. विशेषतः शेवटची तक्रार कॅन्सरचीही असू शकते, तिला एक दिवसाचाही विलंब नको.

लक्षण नसलेले आजार

काही आजार तक्रारच करीत नाहीत. रक्तदाब १४०/९० च्या वर असूनही माणूस हसतखेळत वावरतो. मधुमेहात तहान, वारंवार लघवी, न भरणारी जखम ही लक्षणे उशिरा दिसतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक असली तर मधुमेह समजतात, परंतु काही लक्षण नसेल तर एका आकड्यावर निकाल न देता तपासणी पुन्हा करतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या दोन तपासण्या ठराविक काळाने कराव्यात.

तपासणीची वाट पाहू नये असे प्रसंग

हगवणीत बहुधा तपासणीपेक्षा पाणी महत्त्वाचे. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. 'ओआरएस' नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले तर मात्र दवाखाना गाठावा.

छातीत दुखून घाम सुटणे, तोंड वाकडे होणे, सर्पदंश, झटके, धाप यांत थेट १०८ ला फोन करावा. फवारणीनंतर मळमळ, चक्कर, अंधुक दिसणे हेही याच यादीत येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. 'उन्ह लागले असेल' असे म्हणून अंगावर काढण्याचे हे दुखणे नव्हे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन निघावे.

आपले काम

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीत कोणाचाही रिपोर्ट आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. माझ्यासारखे या महाविद्यालयात अनेक असतील. अशा वेळी आपण डॉक्टर होऊ नये. रिपोर्टवर एखादा आकडा ठळक छापला म्हणजे आजार झालाच असे नाही आणि सगळे आकडे ठीक म्हणजे माणूस ठीक असेही नाही. रिपोर्ट माणसासह डॉक्टरांकडेच गेला पाहिजे. आपण मात्र तीन गोष्टी करू शकतो. दुखणे सुरू झाले ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणे, चालू गोळ्यांची पाकिटे जपून सोबत नेणे आणि रुग्णाबरोबर स्वतः जाणे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, ही गोष्टही आपणच घरी सांगायला हवी. प्रथम गावातील आशाताईंना विचारावे, नंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे रिसोडचे ग्रामीण रुग्णालय आणि गरज पडल्यास वाशीमचे जिल्हा रुग्णालय, असा हा रस्ता आहे.

सहनशीलता हा आपल्या माणसांचा गुण आहे, तो दोष नव्हे. दुष्काळ त्यांनी त्याच्याच बळावर काढले. पण दुष्काळ सोसण्यावाचून इलाज नव्हता, दुखण्याला इलाज आहे. हा फरक घरात समजावून सांगण्याइतके शिक्षण आपल्याला नक्कीच मिळाले आहे.