‘संत तुकाराम’ पाहताना

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला तो १९३६ मध्ये. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवरचे, तिथे ते स्त्रीभूमिका करत. त्यांच्या चेहऱ्यावरचं मार्दव तिथूनच आलं असावं, असं मला दर वेळी वाटतं. पण चित्रपट पुन्हा पाहायला बसवते ती गौरी यांची जिजाई. घरात दाणा नाही, नवरा विठ्ठलाच्या नादात, पोर आजारी. तेव्हा पोराला ओढत देवळात जाऊन ती थेट पांडुरंगावरच पायताण उगारते. आणि तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा ती मागेच राहते, मुलाबाळांसाठी. मराठी पडद्यावर इतकी खरी बायको मी क्वचितच पाहिली आहे.

कानही उघडे ठेवा. यातलं एक पद शांताराम आठवले यांनी इतकं बेमालूम लिहिलं, की अनेकांना ते तुकोबांचाच अभंग वाटलं.

पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरून जरूर जा. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारातच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. जवळच १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या रिळांचं जतन तिथे होतं.